जे आहे जेथे आहे

आमच्या आप्पांना पेपरमधल्या लिलावाच्या नोटिसा वाचायचा नाद आहे. विकत काही घ्यायचं नसतं, नुसतं वाचायचं. बेळगावच्या उद्यमबागेत एकतीस वर्षं टर्नर म्हणून काढली, त्यामुळं कुठली फौंड्री बसली, कुठल्या मशीनशॉपला बँकेनं टाळं ठोकलं, ह्याची बातमी त्यांना पहिल्या पानावर नाही तर ह्या बारीक टायपातल्या चौकटीत मिळते. चष्मा कपाळावर सरकवून पेपर नाकाजवळ धरणार आणि म्हणणार, एचएमटीचा लेथ आहे गा, चांगला आहे, कवडीमोल जाणार. मग पेपर घडी करून बाजूला ठेवणार आणि थोडा वेळ गप्प बसणार.

२०२२ च्या श्रावणात अशीच एक नोटीस त्यांनी मोठ्यानं वाचली. कोल्हापूरकडची बंद पडलेली फौंड्री, कर्ज थकलेलं, सरफेसी कायद्याखाली बँकेनं ताबा घेतलेला (२००२ चा कायदा, कोर्टाची पायरी न चढता बँकेला तारण जप्त करून विकता येतं), आणि आता माल ऑनलाइन लिलावात. सँड मिक्सर, जनरेटर, वजनकाटा, ऑफिसच्या खुर्च्या, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: मारुती इस्टीम, पेट्रोल, मॉडेल २००७. खाली ठराविक मंत्र. 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे तेथे आहे' ह्या तत्त्वावर विक्री. आप्पा हे वाक्य नेहमी जरा सुरात वाचतात, आरती म्हणल्यासारखं.

मी इस्टीम ह्या शब्दाशी अडकलो.

आता ह्याच्या मागची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर माणसानं असला उद्योग का केला हे कळणार नाही. मी चौथीत का पाचवीत असेन, आप्पांच्या मालकांकडं नवीकोरी इस्टीम आलेली. १९९४ ला ती गाडी बाजारात आली तेव्हा आमच्यासारख्यांसाठी मारुती ८०० हीच मोठी गोष्ट, आणि इस्टीम म्हणजे मागं डिकी असलेली, लांबडी, काचा बटनानं वर जाणारी. एका जुलैत मी आप्पांचा डबा द्यायला कारखान्यात गेलेलो, संध्याकाळी असला पाऊस लागला की बस नाही रिक्षा नाही, मालक निघालेले, त्यांनी आम्हाला अनगोळच्या नाक्यापर्यंत सोडलं. चार-पाच मिनिटांचा रस्ता. मला आठवतं ते एसीचं गार वारं आणि तो वास. आणि आठवतात आप्पा, ते सीटच्या एकदम कडेला बसलेले, ओली छत्री सीटला लागू नये म्हणून मांडीवर आडवी धरलेली, छत्रीचं सगळं पाणी त्यांच्या पँटीत. उतरल्यावर दोन्ही मांड्या काळ्या झालेल्या आणि चेहऱ्यावर मात्र आनंद.

तर असो. मी नोंदणी केली. आधार, पॅन, बँकेचं खातं, आणि डिपॉझिट म्हणून राखीव किंमतीच्या दहा टक्के. राखीव किंमत ३२,००० होती, म्हणजे ३,२०० रुपये भरले आणि मी अधिकृत 'बिडर' झालो. फोटो पाच होते. पहिल्यात गाडी समोरून, चारही टायर बसलेले, बंपरवर कसला तरी वेल चढलेला. दुसऱ्यात डावी बाजू. तिसऱ्यात नंबरप्लेट, एमएच ०९ पासिंग. चौथ्यात आतलं, म्हणजे स्टिअरिंग आणि अंधार. पाचव्यात नुसतं गवत, कदाचित फोटो काढणाऱ्याचं बोट चुकून दाबलं गेलं असेल किंवा त्या गवतात गाडीचा काही भाग पडला असेल, दोन्ही शक्य. माल बघायला एक दिवस दिलेला होता, शुक्रवार अकरा ते चार, आणि त्याच दिवशी मला रजा मिळाली नाही. म्हणजे ही चूक माझी, पुढं जे झालं त्याला दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

आमचे आजोबा बैल घ्यायला बाजारात जायचे तर आधी दात बघायचे, चार दाती का सहा दाती का जुळलेला, मग पाय, मग खूर, मग चालवून, मग मागं वळवून, आणि दर ठरायचा तो रुमालाखाली बोटं धरून, तिऱ्हाइताला कळायला नको म्हणून. दलाल ह्याची बोटं दाबणार, त्याची बोटं दाबणार, तोंडावर रेघ हलायची नाही. एका बैलासाठी सकाळपासून दुपार. आणि मी त्यांचा नातू, पाच फोटोंवर, त्यातला एक गवताचा.

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "खरं तू गाडी बघितलास काय?"

"फोटो बघितलो की."

"फोटो बघून पोरगी सुद्धा कोण ठरवत नाहीत आता."

लिलाव होता सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यानं बघितली आहे त्याला माहीत आहे की ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरही संपत नाही, तर आठवडा झाला तरी माझी झोप पुरती झालेली नव्हती. ऑफिसात एक खिडकी कामाची उघडी आणि मागं दुसरी लिलावाची. अकरा ते बारा वेळ. पावणेबारापर्यंत बोली ३३,००० वर झोपलेली, तीही माझीच. मला वाटलं जिंकलो. मग ११:५७ ला 'बिडर ३' उठला. चौतीस. मी साडेचौतीस. पस्तीस. आणि ह्या लिलावात असा नियम असतो की शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ परत पाच मिनिटं वाढते, म्हणजे बारा हे बारा नसतंच, दोघांपैकी एक दमेपर्यंत बारा वाजत नाहीत. आमचे साडेबारा झाले. हात गार पडलेले आणि कान गरम. समोरचा कोण, कुठला, कशासाठी घेतोय काही माहीत नाही, त्याला रुमालाखाली बोटं नाहीत, नुसता तीन नंबर. मी मनात त्याचं एक चित्र तयार केलेलं, माझ्यासारखाच कुणीतरी, लहानपणी इस्टीममध्ये बसलेला, आणि मला त्याचा राग आणि माया दोन्ही यायला लागलेली. चाळीस. साडेचाळीस. एक्केचाळीस. मी ४१,५००. आणि मग काहीच नाही. घड्याळ पाच मिनिटं उलटं मोजत शून्यावर आलं.

घरी येऊन जिंकलो म्हणून सांगितलं, तर आप्पा चहा बशीत ओतत म्हणाले, "जिंकलास म्हणजे काय, तुझ्यापेक्षा शहाणे होते ते आधी थांबले."

हे वाक्य मला तेव्हा लागलं. नंतर कळलं की ते नुसतं बरोबर नाही तर पैशापर्यंत बरोबर आहे.

पैसे भरले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७,४७०. विक्रीचा दाखला मिळाला. ताबा घ्यायला गेलो त्या दिवशी कारखान्याच्या आवारात तीन ट्रक उभे आणि गॅस कटरनं सँड मिक्सरचे तुकडे चाललेले. पांढरा शर्ट, गळ्यात टॉवेल, हातात मोबाइल असा एक माणूस सावलीत खुर्ची टाकून बसलेला. भंगारवाला. बाकी सगळे लॉट त्यानंच घेतलेले. मी इस्टीमकडं जायला लागलो तसा तो हसला.

"तुम्हीच का ते? एक्केचाळीसपर्यंत चढवलं मला."

हाच बिडर तीन. लहानपण वगैरे काही नाही. मी विचारलं, तुम्ही का एवढे चढलात? तर त्यानं मला हिशोब सांगितला, अगदी शिकवणी घेतल्यासारखा. गाडीचं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. त्यातनं काच, फोम, प्लॅस्टिक, रबर वजा. उरलेल्या पत्र्याला लोखंडाचा भाव. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचा, त्याला वेगळा भाव, लोखंडाच्या कितीतरी पट. गिअरबॉक्स अख्खा गेला तर बरं, नाही तर तोही किलोवर. रेडिएटर. आणि सायलेन्सरच्या लाइनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात महागडे धातू असतात, त्याला हुडकत माणसं येतात. सगळं मिळून, कटिंगची मजुरी आणि आपले चार पैसे सोडून, एक्केचाळीस. त्याच्या पुढं एक रुपया नाही.

म्हणजे त्याच्या बोलीला भिंत होती. जिथं माल संपला तिथं तो थांबला. त्याच्यावर मी पाचशे घातले. मी तिथंच उभा राहून हिशोब केला की बाबा, लोखंड, ॲल्युमिनियम, रबर, काच ह्या सगळ्याचे झाले एक्केचाळीस हजार, आणि गाडी म्हणून गाडीचे पाचशे.

त्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "पाचशे तरी कुठं, ती चालत कुठाय?"

चालत नव्हतीच. चार पावसाळे उघड्यावर काढलेले. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी बिऱ्हाड केलेलं, कापूस, सुतळी, कुठल्या तरी बिलाचे कपटे, आणि वायरिंगचा निम्मा हार्नेस खाल्लेला. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली फुगा, बोट दाबलं तर आत गेलं. लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता कुणीतरी कधीतरी. डॅशबोर्डवर अंबाबाईचा फोटो, ऊन लागून निळा पडलेला. कप्प्यात उदबत्तीचं रिकामं पाकीट, पुडीत थोडा जोतिबाचा गुलाल, आणि एक छोटी वही.

ती वही पेट्रोलची. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात कुठं गेलो ते. अक्षर एकच, बारीक, सरळ, बहुतेक ड्रायव्हरचं. पानंच्या पानं शिरोली, कागल, सांगली, पुणे. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी: बेळगाव, उद्यमबाग. शेवटची नोंद २०१८ मधली, पाच लिटर फक्त. आधीच्या नोंदी तीस-पस्तीस लिटरच्या, मग वीस, मग दहा, मग पाच. कारखाना कसा बसत गेला ते बँकेच्या नोटिशीत एका आकड्यात होतं, इथं लिटरमध्ये होतं. मी वही घरी आणली. आप्पांनी चष्मा वर करून बघितली. म्हणाले, "आपल्या गेटवरनं गेली असणार ही गाडी. खरं आठवत नाही गा." आणि पान उलटलं.

पुढचा घोळ असा की गाडी २००७ ची, खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, म्हणजे एप्रिल २०२२ लाच संपलेलं. आणि त्याच महिन्यापासून सरकारनं कारच्या फेरनोंदणीची फी ६०० ची ५,००० केलेली, वर उशिराचा दर महिन्याला ५०० दंड. आधी ती कोल्हापुरात पास व्हायला पाहिजे, मग लिलावातल्या गाडीसाठी वेगळा फॉर्म ३२, मग दुसऱ्या राज्यात न्यायला एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इकडं नवीन नंबरासाठी फॉर्म २७. आणि पास व्हायला गाडी स्वतःच्या चाकावर उभी राहायला पाहिजे. म्हणून ती टोइंगवर घालून आधी कागलला मावशीच्या दारात नेऊन टाकली. आमच्याकडं प्रत्येकाची एक मावशी नाही तर आत्या तिकडच्या बाजूला असतेच, सरहद्द मध्ये आल्यापासून तर ती फारच उपयोगाला यायला लागली. मावशी पहिल्या दिवशी म्हणाली, "आरं ही काय गाडी हाय का कोंबड्याचं खुराडं? कवा नेणार हैस?"

मिस्त्री मात्र बेळगावचा. कॅम्पातला. त्याचं कारण सांगतो, कारण मला हे फार आवडलेलं आहे. इस्टीमचं १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि जिप्सी किंगचं इंजिन, भावंडं. आणि बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, मिलिटरीचं गाव, जिप्सी इथं गल्लीत बैलगाडी असावी तशी. त्यामुळं इस्टीम बंद होऊन पंधरा वर्षं झाली तरी ते इंजिन डोळे झाकून खोलणारे मिस्त्री कॅम्पात अजून आहेत. आमचे मिस्त्री साठीचे, रविवारी सकाळच्या एसटीनं हत्यारांची पिशवी घेऊन कागलला यायचे, मावशीच्या हातची भाकरी आणि तांबडा रस्सा जेवायचे, आणि संध्याकाळी परत. मला वाटतं इंजिनापेक्षा रश्श्याचा ओढा जास्त होता. टाकी उतरवून धुतली, आतलं पेट्रोल वॉर्निशसारखं चिकट झालेलं. इंजेक्टर साफ. पंप नवा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ब्रेकची सगळी रबरं, बॅटरी, चार टायर. वायरिंग त्यांनी जिप्सीच्या जुन्या हार्नेसमधून तुकडे जोडून केलं. किल्ली फिरवायच्या आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून हातानं इंजिन फिरवून बघितलं, फिरलं, तेव्हा म्हणाले, "है, जान है अभी."

चौथ्या रविवारी चालू झाली. आधी खोकली, मग धूर, सगळं अंगण पांढरं, मावशी देवाला लावलेली उदबत्ती हातात घेऊन बाहेर आली काय पेटलं म्हणून, आणि मग तो आवाज लागला, मऊ, एकसारखा, शिवणयंत्र चालावं तसा. उंदराच्या लेंड्या सायलेन्सरातनं बाहेर पडल्या. खरंच पडल्या.

टिंकरिंग सोडून दिलं. कमानीचं भोक पत्रा मारून बुजवलं आणि रंग जुळला नाही तो नाहीच जुळला.

नोव्हेंबरात कोल्हापुरात पास झाली, एनओसी हातात आली डिसेंबर लागताना. ६ डिसेंबरला गाडी आणायची ठरलं होतं. त्याच दिवशी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर सीमावादातनं महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. इकडं तसं झालं म्हणून तिकडं कर्नाटकच्या बसना काळं. एसट्या थांबल्या. आम्हाला हे नवीन नाही, दर दोन-चार वर्षांनी हवा तापते, फोन येतात, काय परिस्थिती आहे, आणि आम्ही सांगतो की बाजार चालू आहे, शाळा चालू आहेत. पण आत्तापर्यंत माझ्या मालकीचं असं काही सरहद्दीच्या पलीकडं उभं नव्हतं. आता होतं, आणि कपाळावर एमएच ०९ लिहिलेलं. गाडी एकदम धडधाकट, रस्ता चांगला चौपदरी, अंतर फार तर नव्वद किलोमीटर, आणि अडली कशानं तर पुढच्या-मागच्या दोन पत्र्यांनी. मावशी फोनवर म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच. अंगणात आता बरी दिसायला लागलीया."

डिसेंबरच्या शेवटी आणली. पहाटे निघालो, दूधगंगेचा पूल ओलांडला, कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती, त्यांनी बघितलंही नाही. तवंदी घाटात टेंपरेचरचा काटा बघण्यात मला बाकी काही दिसलं नाही. वंटमुरीचा उतार उतरल्यावर बेळगावचे दिवे दिसले आणि मी काच बटनानं खाली केली. गेली. वर आली नाही. दोन महिने तशीच होती.

मग मित्रांचा सल्ला सुरू झाला. पासिंग बदलू नको, एमएचच ठेव, तेवढंच आपलं. मलाही वाटत होतं. लहानपणापासून एक नोव्हेंबरला काळी फीत लावणारा मी, आणि आता आरटीओत जाऊन हात जोडून केए २२ मागायचा. पण बाहेरची गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर रात्री गाडी रस्त्यावर लावताना प्रत्येक वेळी मी नंबरप्लेटची बाजू भिंतीकडं करत होतो. ते मलाच बरं वाटेना. आजोबांचं बरं होतं. १९५६ च्या एक नोव्हेंबरला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा तिकडं राहिला, आणि आजोबांना कुठला फॉर्म २७ भरावा लागला नाही. घर तेच, बैल तेच, वरचं पासिंग बदललं. जे आहे जेथे आहे.

टॅक्स भरला, कर्नाटकाचा लाइफ टॅक्स देशात जास्तीत जास्त असलेल्यांपैकी एक, जुन्या गाडीला कमी होतो म्हणे, झाला तो कमी मला तरी दिसला नाही. एजंट, झेरॉक्स, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा, परत झेरॉक्स. सगळं धरून गाडी सव्वा लाखाच्या वर गेली. आईनं एकदाच विचारलं किती, मी सांगितलं, तर म्हणाली एवढ्यात चांगली म्हैस आली असती, आणि परत त्या विषयावर ती बोलली नाही. आप्पा सुद्धा कधी किती म्हणून विचारले नाहीत, त्यांना पहिल्या दिवशीच कळलेलं.

तपासणीला बोलावलं जूनमध्ये, पाऊस नुकताच लागलेला. आप्पा म्हणाले मी येतो. गेटाबाहेर उभे होते, मी गाडी लावली, ते मागचं दार उघडून बसले, पुढं नाही, मागं डावीकडं, आणि छत्री मिटून शेजारी सीटवर ठेवली. मी आरशात बघितलं, नवं सीटकव्हर, दीड हजाराचं, पाणी ओघळालेलं. आणि तोंडातनं गेलं, "आप्पा, सीट भिजालीय."

त्यांनी काही न बोलता छत्री उचलली आणि मांडीवर आडवी धरली.

मला तिथंच गाडी थांबवून काहीतरी बोलायचं होतं. बोललो नाही, मागनं बस हॉर्न मारत होती. आरटीओ येईपर्यंत मी दोनदा म्हणलं की राहू दे, ठेवा खाली, तर म्हणाले, "असू दे गा, काय होतंय."

आरटीओच्या आवारात आमच्यापुढं एक ट्रॅक्टर होता. त्याचा मालक, पटका, पांढरी विजार, सत्तरीचा, वेळ जाईना म्हणून इस्टीमभोवती फिरायला लागला. कमानीवरच्या न जुळलेल्या रंगावर बोट फिरवलं, टायरवर पायानं हळूच मारलं, वाकून खाली बघितलं. बैल बघावा तसं. मग माझ्या खिडकीशी आला.

"एष्टु कोट्री?" किती दिलंत?

माझ्या डोळ्यापुढं सव्वा लाख, म्हैस, बिडर तीन, सगळं आलं, आणि मी त्यातलं एकही न सांगता बिनदिक्कत म्हणलं, "इप्पत्तैदु साविर." पंचवीस हजार.

त्यानं गाडीकडं परत एकदा पुढून मागपर्यंत बघितलं, बॉनेटवर दोन बोटं वाजवली आणि मान हलवली.

"भाळ आत्रि." फार झालं.

मागच्या सीटवर आप्पा मांडीवरची छत्री धरून असे हसायला लागले की गाडी हलायला लागली.